दीडशेची बाटली, सहाशेची बाटली

या वेळचं पत्र कर्वेनगरहून आलंय. चार पानी आहे. त्यातली दीड पानं ऊटीच्या छोट्या गाडीबद्दल आहेत, ती जागेअभावी गाळली.

"ताई, स. न. वि. वि. मी ७१ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. आधी नारायण पेठेत वाड्यात राहायचो, आता मुलाकडे कर्वेनगरला. मे महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर ऊटीला गेलो होतो, तिथून निलगिरीच्या पाच बाटल्या आणल्या, दीडशे रुपयांना एक. आमच्याकडे सर्दीला लहानपणापासून निलगिरीच. नातू दहा महिन्यांचा आहे. गेल्या आठवड्यात त्याचं नाक वाहत होतं म्हणून मी झबल्याला छातीशी दोन थेंब लावले. सूनबाईंनी झबलं तिथल्या तिथे काढलं आणि पाचही बाटल्या गेल्या माळ्यावर. बोलल्या काही नाहीत, पण चेहरा बोलला. आता गंमत बघा. त्याच सूनबाईंच्या खोलीत एक पांढरं यंत्र आहे, त्यातून रात्रभर धूर निघतो. अरोमाथेरपी म्हणे, डोकं शांत राहतं. त्यातल्या तेलाची बाटली दहा मिलीची, सहाशे रुपयांची, ऑनलाइन मागवलेली, वर 'युकॅलिप्टस' आणि 'ऑस्ट्रेलियन' असं छापलेलं. मी गुपचूप हुंगून पाहिली तर चक्क लिंबाचा वास! म्हणजे भेसळच की. अस्सल देशी आयुर्वेदिक वस्तू घरात असताना हे परदेशी फॅड कशाला? आमची मांजर तर यंत्र सुरू झालं की खोलीतून उठून जाते. मी स्वतः खोकल्याला मधातून दोन थेंब घेतो, आजवर काही झालं नाही. सध्या गुडघ्यांना चोळायलाही बाटली नाही. चूक कोणाची ते स्पष्ट सांगा. – एक आजोबा"

काका, नमस्कार.

स्पष्ट विचारलंत, म्हणून निकाल आधी देते. झबल्यापुरत्या सूनबाई बरोबर. रात्रभर चालणाऱ्या यंत्रापुरत्या त्या चूक. मधाच्या बाबतीत तुम्ही चूक. भेसळीचा आरोप केलात, तोही टिकत नाही. मांजर तेवढी पहिल्यापासून बरोबर आहे.

मी पंचवीस वर्षं पेठेतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. निलगिरी मागितली की "घरात लहान मूल आहे का?" असं विचारायचे, आणि निम्मी गिऱ्हाइकं त्यावर फणकारायची. "आमच्या आजीने आम्हाला चोपडलं, आम्ही मेलो का?" नाही मेलात. पण ज्यांच्या बाळाला त्रास झाला ते निलगिरी घ्यायला परत आले नाहीत, त्यामुळे ऐकू येतो तो नेहमी पहिलाच अनुभव.

तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाशी निलगिरी, पुदिन्याचं सत्त्व किंवा कापूर नेला, तर काही बाळांच्या स्वरयंत्राचे स्नायू एकदम आवळले जातात आणि श्वास अडकतो. सगळ्यांचं होत नाही, पण कोणाचं होईल हे आधी कळायला मार्ग नाही. शिवाय दहा महिन्यांचं पोर झबल्याचं टोक चोखतं, छातीवर हात फिरवून तोच डोळ्यांत घालतं. तुम्हाला दोन थेंब वाटतात, पण ते आठ-नऊ किलोच्या देहावर आहेत. आपल्या घराघरांत असतो तो निळ्या डबीतला बामसुद्धा दोन वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. सूचना असते, पण इतक्या बारीक अक्षरांत की आजोबांना चष्म्यातूनही दिसू नये.

कापराची आठवण निघालीच आहे म्हणून सांगते. करोनाच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक पुरचुंडी फिरत होती: कापूर, लवंग, ओवा आणि वर निलगिरीचे थेंब, हुंगली की ऑक्सिजन वाढतो. ऑक्सिजन कणभरही वाढत नाही. वाढतो तो फक्त वास. आणि कापूर, निलगिरी ही दोन्ही द्रव्यं जास्त झाली तर मेंदूला चेतवतात. या दोहोंची तेलं-बाम वापरल्यावर फिट आलेल्या रुग्णांची माहिती बंगळुरूच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत मांडली आहे, आणि त्यात नुसता वास घेतलेली मोठी माणसंही आहेत. घरात कुणाला फिटचा आजार असेल तर ही बाटली घरात नकोच. दम्याच्या माणसालाही उग्र वासाने धाप लागू शकते.

मग बाळाचं नाक वाहत असताना करायचं काय? औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात, ते दूध पाजण्याआधी घालायचे. दूध थोडं थोडं पण वारंवार. बस्स. श्वास भराभर चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध ओढत नसेल किंवा ताप असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे जायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि तुमचा तो खोकल्याचा मध, एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला बोटावरसुद्धा चाटवू नका. त्याचं कारण निलगिरीपेक्षा वेगळं आहे, मधात क्वचित असणारे जंतू तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करतात.

आता तुमच्या 'देशी आयुर्वेदिक' बाटलीकडे येऊ. इथे तुम्हाला जरा धक्का बसेल.

निलगिरी हे डोंगराचं नाव आहे. झाडाला ते आपण बहाल केलं, आणि मराठीत झाड, पाला, तेल या तिन्हींना तोच शब्द चिकटला. झाड मात्र मूळचं टास्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियाचं. चरक-सुश्रुतांच्या काळी ते भारतात नव्हतंच, त्यामुळे त्यांनी त्याची शिफारस केली असण्याचा प्रश्न येत नाही. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियाजवळच्या एका बेटावर याच कुळीतल्या एका झाडाचा नमुना घेतला गेला आणि तो लंडनला पोचला. त्यावरून लेरितिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ मध्ये 'युकॅलिप्टस' हे नाव दिलं. ग्रीकमधे त्याचा अर्थ 'नीट झाकलेलं'. कशाला? कळीला. निलगिरीच्या कळीवर एक टणक टोपी असते. फूल उमलायच्या वेळी पाकळ्या उघडत नाहीत, ती टोपीच टपकन गळून पडते आणि आतून केसरांचा झुबका बाहेर येतो.

त्याच १७८८ साली इंग्लंडहून कैद्यांची पहिली जहाजं सिडनीला पोचली. बरोबरच्या शल्यविशारदांनी तिथल्या एका निलगिरीच्या पानांतून पुदिन्यासारख्या वासाचं तेल काढलं आणि पोटदुखीला वापरून पाहिलं. तिथले मूळ रहिवासी त्याच्या कितीतरी आधीपासून या पानांचा धूर, काढा, लेप वापरत होते, पण बाटलीवर त्यांचं नाव आलं नाही. धंदा म्हणून तेल काढायला सुरुवात झाली ती १८५० च्या दशकात, मेलबर्नजवळ. जोसेफ बोसिस्टो हा इंग्लंडहून आलेला औषधविक्रेता. फर्डिनंड फॉन म्यूलर या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या मागे लागून त्याला या पाल्याकडे वळवलं. माझ्याच धंद्यातला माणूस, म्हणून मला त्याच्याबद्दल उगाच आपुलकी.

आणि ऊटी? टिपू सुलतानाने १७९० च्या सुमारास नंदी हिल्सवरच्या बागेत निलगिरीच्या काही जाती लावल्या असं सांगतात. निलगिरीच्या डोंगरांत हे झाड १८४३ मध्ये कॅप्टन कॉटन या मद्रासच्या इंजिनिअर अधिकाऱ्याने आणलं, आणि १८५६ पासून त्याच्या मोठ्या लागवडी सुरू झाल्या. सर्दीसाठी नव्हे, सरपणासाठी! थंडीत कुडकुडणाऱ्या साहेबांनी आसपासची शोलाची, म्हणजे डोंगरघळींतल्या मूळच्या जंगलाची, राई तोडून शेकोट्या केल्या, लाकूड संपत आलं, तेव्हा भराभर वाढणारं झाड हवं होतं. तेल हा त्या सरपणाच्या झाडाचा जोडधंदा. गाडीच्या खिडकीतून साल सोललेली, उंचच उंच झाडं दिसली असं, मी गाळलेल्या पानांत, तुम्ही लिहिलंय, तीच ही.

एकूण हिशेब असा: तुमची बाटली आणि सूनबाईंची बाटली, दोन्हींचं माहेर ऑस्ट्रेलिया. एक दोनशे वर्षांत इथे मुरली, दुसरी लेबलावर अजून पासपोर्ट मिरवते. देशी-परदेशी हा वाद निदान या दोन बाटल्यांपुरता मिटवा.

पण वास वेगळा का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर भेसळ हे नाही. निलगिरीच्या सातशेच्या आसपास जाती आहेत आणि वास प्रत्येकीचा निराळा. तुमच्या बाटलीत बहुधा 'ग्लोब्युलस' आहे. कोवळी पानं निळसर, गोलट, राख फासल्यासारखी, आणि मोठी झाली की कोयत्यासारखी लांब, लटकणारी. एखादं पान उन्हाकडे धरून पाहा, सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. पाला मोठ्या पिंपात कोंबून खालून वाफ सोडतात, वाफेबरोबर तेल उडतं, थंड पाण्यातून नेलेल्या नळीत दोघांचा पुन्हा द्रव होतो आणि तेल हलकं म्हणून वर तरंगतं. शंभर किलो पाल्याला साधारण किलो-दीड किलो तेल. त्याचा मोठा भाग सिनिओल नावाचं एकच द्रव्य असतं. ब्रिटिश औषधकोश तर ते कमीत कमी ७० टक्के हवं म्हणतो. १८७० साली क्लोएझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला 'युकॅलिप्टॉल' नाव दिलं. हेच सिनिओल आपल्या वेलदोड्यातही भरपूर असतं. पुढच्या वेळी श्रीखंडात घालायला वेलदोडे कुटाल तेव्हा डोळे मिटून हुंगा, मागे कुठेतरी निलगिरी सापडेल.

सूनबाईंच्या बाटलीवर 'युकॅलिप्टस'नंतर बारीक अक्षरांत 'सिट्रिओडोरा' लिहिलेलं असणार. ती क्वीन्सलँडकडची लिंबू-निलगिरी. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची कुळी बदलून तिला 'कोरिम्बिया'त नेलं, पण बाजाराने अजून ते मनावर घेतलेलं नाही. तिच्यात सिनिओल नावापुरतं. मुख्य द्रव्य सिट्रोनेलल, गवती चहाची बहीण शोभणाऱ्या सिट्रोनेला गवताच्या तेलातलं. म्हणून लिंबू. साबणात, फिनेलात, डास पळवायच्या मलमांत हे जातं. डासांवर खरं काम करणारं द्रव्य या तेलावर प्रक्रिया करून मिळवतात, आणि अमेरिकेत तसल्या उत्पादनांवर 'तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये' अशी सूचना असते. साधं तेल हातावर चोळलं तर डास थोडा वेळ लांब राहतील, मग परत येतील. सर्दीत नाक मोकळं व्हावं म्हणून सूनबाई हे तेल वापरत असतील तर सहाशे रुपये चुकीच्या झाडावर गेले. नुसता वास आवडतो म्हणून वापरत असतील तर तो त्यांचा प्रश्न.

आणि तुमची 'अस्सल'? एक थेंब पांढऱ्या कोऱ्या कागदावर टाका, तासाभराने बघा. सगळा उडून गेला आणि डाग राहिला नाही, तर त्यात खायचं तेल मिसळलेलं नाही. तेलकट गोल उरला तर ऊटीच्या दुकानदाराने तुम्हाला अर्धी बाटली शेंगदाण्याचं तेल विकलं. टर्पेंटाइनसारखी उडून जाणारी भेसळ मात्र या परीक्षेत पास होते, ती पकडायला प्रयोगशाळाच लागते. दीडशे रुपयांत शंभर मिली शुद्ध मिळूही शकतं, हे तेल मुळात महाग नाही. उलट दहा मिलीचे सहाशे हा बाटलीच्या आकाराचा आणि लेबलाचा दर आहे.

अरोमाथेरपी हे फॅड आहे का? शब्द तसा जुना. गॅटफोसे नावाचा सुगंधी द्रव्यांच्या धंद्यातला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, १९१० मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत स्फोट होऊन हात भाजला. जखमा चिघळल्या तेव्हा लव्हेंडरच्या तेलाचा गुण आला असं त्याने लिहून ठेवलं, आणि १९३७ च्या पुस्तकात त्याने 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ केला. म्हणजे सुरुवात जखमेवरच्या औषधापासून, आणि येऊन पोचली ती बेडरूममधल्या यंत्रापाशी. आवडत्या वासाने बरं वाटतं, यात खोटं काही नाही. देवघरातली उदबत्ती, पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास, याने आपलंही डोकं शांत होतंच. पण बरं वाटणं आणि बरं होणं यांत अंतर आहे. निलगिरीचंच बघा. वाफारा घेतला की नाक एकदम उघडल्यासारखं वाटतं ना? आतली सूज तितकीच असते. नाकातल्या आणि चेहऱ्यातल्या गारवा टिपणाऱ्या मज्जातंतूंना हे द्रव्य चाळवतं, मेंदूला वाटतं भरपूर गार हवा आत येतेय. फसवणूक आहे, पण सर्दीच्या रात्री झोप लागण्यापुरती ती मला चालते.

तर यंत्र. ते धूर सोडत नाही, पाण्याला सूक्ष्म कंप देऊन तुषार उडवतं, आणि त्या तुषारांबरोबर तेलाचे कण खोलीभर पसरतात. बंद खोलीत, रात्रभर, शेजारी दहा महिन्यांचं बाळ. तुमच्या दोन थेंबांवर रागावलेल्या सूनबाईंनी हे मात्र लक्षात घेतलं नाही. वास मंद आणि लेबल देखणं असलं की आपल्याला ते औषध वाटत नाही. यंत्र बाळाच्या खोलीतून हॉलमध्ये आणायचं, तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. बाळ त्या वेळी दुसऱ्या खोलीत. मांजरालाही दार उघडं हवं. मांजराच्या यकृतात अशा द्रव्यांचा निचरा करणारी यंत्रणा दुबळी असते, आणि अंगावर बसलेले तेलाचे कण ती चाटून पोटात घेते. ती उठून जाते यात नखरा काही नाही.

आता मधाचं. हा भाग मी टाळला असता, पण टाळू नये.

लोडशेडिंगचे दिवस होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन बाटल्या शेजारी शेजारी असायच्या, दोन्ही तपकिरी काचेच्या, दोन्ही शंभर मिलीच्या. एक वडिलांच्या खोकल्याचं औषध, दुसरी निलगिरी. मी फार्मसी शिकलेली, दिवसभर लोकांना बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा म्हणून सांगणारी, आणि त्या दोन बाटल्या तिथे मीच ठेवलेल्या. वडिलांनी अंधारात चमचा भरला आणि गिळला. "अगं, हे तिखट काय आहे?" एवढं म्हणाले. घसा, छाती भाजल्यासारखी झाली. वीस मिनिटांत जीभ जड, पाय लटपटायला लागले, मग उलटी. रिक्षात मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्या प्रत्येक श्वासाला निलगिरीचा वास येत होता. रात्रभर त्यांना दवाखान्यात ठेवलं. वाचले. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या तोंडाचा वास गेला नव्हता, आणि तो वास मला आजही वाफाऱ्यात सोसत नाही.

तुमचे दोन थेंब म्हणजे मिलीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून काही झालं नाही. पण ऊटीच्या बाटलीला ड्रॉपर नसतो, तोंड रुंद असतं, खोकला रात्री दोन वाजता येतो आणि चष्मा उशाशी राहतो. मोठ्या माणसालाही चमचाभर तेल धोक्याचं, लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी. जर्मनीत शुद्ध सिनिओलच्या कॅप्सूल सायनस आणि ब्राँकायटिसला देतात, त्यांवर नीट चाचण्याही झाल्या आहेत. पण ती मोजलेली मात्रा आहे, आतड्यात जाऊन विरघळणारी. बाटलीतून मधात ओतणं म्हणजे ते नव्हे. खोकल्याला नुसता मध घ्या, तोच निम्मं काम करतो. मधुमेह असेल तर कोमट पाणी. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर छातीचा फोटो.

घरात कुणी चुकून प्यालंच तर: ओकारी काढायची नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही, दूध-तूपही नाही. ओकताना तेल फुप्फुसात गेलं तर दुखणं दुप्पट. बाटली बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग पाच बाटल्या काय ओतून टाकू? मुळीच नाही. आता तुमच्या गुडघ्यांकडे येते, पत्रात एका ओळीत उरकलेत पण मला वाटतं खरं दुखणं तेच आहे. तीस मिली, म्हणजे दोन मोठे चमचे, तिळाचं नाहीतर खोबरेल तेल घ्या. त्यात निलगिरीचे बारा थेंब. एवढंच, जास्त टाकलं म्हणून जास्त गुण येत नाही, कातडी मात्र चरचरते. पहिल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघा, लाल झालं नाही तर गुडघ्याला चोळा. खरचटलं असेल तिथे नको, आणि चोळल्यावर वर गरम पाण्याची पिशवी बांधू नका. वेळ बाळ झोपल्यानंतरची ठेवा, हात साबणाने दोनदा धुवा. सकाळी नातू त्याच मांडीवर चढणार आहे. झीज झालेला गुडघा याने भरून येणार नाही, चोळण्याची ऊब आणि तो गारवा मिळून दुखणं तासभर मागे सरतं.

सर्दीत तुमच्यापुरता वाफारा चालेल. पातेलं टेबलावर, मांडीत किंवा पलंगावर नाही. आमच्या दुकानात बर्नॉल मागायला येणाऱ्यांत वाफाऱ्याचं पाणी सांडलेले बरेच असायचे. उकळी फुटली की गॅस बंद, पाणी टेबलावर आणा, दोन मिनिटं थांबा, मग दोन थेंब. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं, त्यामुळे पहिल्या वाफेबरोबर सगळंच एकदम वर येतं आणि डोळे झोंबतात. ते मिटलेले ठेवा. पेटत्या गॅसजवळ उघडी बाटली नको, हे तेल पन्नास अंशांच्या आतच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. प्लास्टिकच्या वाफाऱ्याच्या यंत्रात थेट तेल ओतू नका, काही प्लास्टिक त्याने मऊ पडून चिरतं. हे सगळं जंजाळ वाटलं तर रुमालावर एक थेंब टाकून सकाळी फिरायला जा. मला तोच प्रकार जास्त आवडतो.

राहिलेल्या बाटल्यांसाठी घरात एक काम आहे ज्यात निलगिरीला तोड नाही. तुळशीबागेतून आणलेल्या स्टीलच्या डब्यावरचा स्टिकर अर्धा निघतो आणि अर्ध्याचा चिकट काळा डाग राहतो, बघा. कापसाच्या बोळ्यावर थोडं तेल घेऊन दोन मिनिटं ठेवा आणि पुसा. मग साबणाने धुवा. पँटला लागलेलं डांबर, पोरांनी सोफ्याला चिकटवलेलं च्युइंगम, यावरही चालतं. कापडाच्या आतल्या शिवणीवर आधी रंग जातो का पाहून घ्या.

बाटल्या काचेच्याच असू द्या, अंधारात, गार जागी. प्रत्येकीवर उघडल्याची तारीख आणि ठळक अक्षरांत 'पोटात घ्यायचे नाही' असं लिहा. हवा लागून वर्ष-दोन वर्षांत तेल बिघडतं, मग कातडीला जास्त झोंबतं. तसलं तेल फक्त स्टिकरांना.

सूनबाईंशी कसं बोलायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण चार पानं त्यासाठीच लिहिलीत. आधी झबल्याबद्दल चुकलं म्हणा. त्यात 'पण' घालू नका. 'पण तुझं ते यंत्र' असं त्याच वाक्यात आलं की माफी फुकट गेली. दोन दिवस जाऊ द्या. मग हा कागद चहाच्या वेळी टेबलावर ठेवा, यंत्राचा परिच्छेद त्या स्वतः वाचतील. त्यांनी बाटल्या फेकल्या नाहीत, माळ्यावर ठेवल्या, याची नोंद घ्या. रात्री-अपरात्री उठणाऱ्या, नोकरी आणि बाळ दोन्ही सांभाळणाऱ्या बाईने डोकं शांत राहावं म्हणून सहाशे रुपये खर्च केले असतील, तर तिला तेलापेक्षा झोप कमी पडतेय असा माझा अंदाज. संध्याकाळी एक तास बाळाला खाली बागेत घेऊन बसलात, तर यंत्र आपोआप कमी लागेल.

बाटल्या परत मिळाल्या की बाळाच्या हाताला येणार नाहीत अशा कुलपाच्या कपाटात ठेवा. आणि माळ्यावरून काढायला स्वतः स्टुलावर चढू नका, मुलाला सांगा.